खळ्यावरून गेलेली रेघ

ज्याला दुसरं काही काम नाही त्याला मास्तर म्हणतात, असं सरकारचं पक्कं मत आहे, हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं. माणसं मोजायची आहेत? मास्तर. गुरं मोजायची आहेत? मास्तर. नसबंदीला माणसं आणायची आहेत, तरी मास्तरच. मतदारयादीचं काम तर आमच्या पाचवीलाच पुजलेलं. मे महिन्यात बाकीची दुनिया आंबे खायला गावी जायची आणि आम्ही डोक्यावर पदर घेऊन, कापडी पिशवीत कागद घालून दारोदार फिरायचो. घरात माणसं किती, वय काय, मागच्या वेळेपासून कोणी वारलं का. भरदुपारी झोपलेल्या माणसाला उठवून तुमच्याकडे कोण वारलं ते विचारायचं. अशा बाईला चहा कोण देणार?

सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे माझी बदली नेरूळजवळच्या, खाडीकाठच्या एका गावी झाली. मी मराठवाड्यातली. नवरा ठाणे-बेलापूर रस्त्यावर, तळवलीच्या बाजूला एका कारखान्यात लागला होता, म्हणून मीच खटपट करून ही बदली मागून घेतली होती. इथे नवं शहर वसणार असं नुसतं बोललं जायचं. डोळ्यांना दिसायची ती भाताची खाचरं, मिठागरं आणि शेतांत रोवलेले, ते शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचे हद्दीचे दगड. गावात खोली शोधायला गेलं की आधी आडनाव विचारायचे, मग गाव विचारायचे, आणि मग म्हणायचे, कालच दिली हो. आम्ही बौद्ध. हे उत्तर आम्हाला नवं नव्हतं. तरी उन्हातून तेवढं चालल्यावर पाय दुखायचे ते दुखायचेच.

खोली मिळाली ती गावाच्या खालच्या अंगाला, खाडीला लागून असलेल्या कोळ्यांच्या पाड्यात. घरमालकीण ओट्यावर जाळं सांधत बसली होती. तिने मान वर न करता एकच प्रश्न विचारला.

"मासली खातीस ना?"

"खाते."

"मग रा. न खानारीला वास लागतो नि मग ती माजं डोकं खाते."

तिला सगळा पाडा मावशी म्हणायचा. मीही म्हणायला लागले. तिचं माहेर करावे गावातलं, नवरा खाडीत गेला तो परत आलाच नाही असं लग्नानंतर थोड्याच वर्षांत झालेलं. मूलबाळ नव्हतं. घरात ती, तिचा धाकटा दीर आणि त्याचा संसार. आवाज असा की पाड्याच्या या टोकाला बोलली की त्या टोकाला कुत्रं उठून बसायचं.

पाड्याच्या पुढे, भरतीचं पाणी पोचणार नाही एवढ्या उंचीवर, एक मोठी सपाट जागा होती. बायका ती शेणाने सारवून लख्ख ठेवायच्या. तिला खळं म्हणत. जवळा, करंदी, बारीकसारीक जे काही खाडीतून यायचं आणि ओलं विकलं जायचं नाही, ते या खळ्यावर वाळायचं. ओल्या मासळीचं दुपारपर्यंत काही होतं, नाहीतर ती फुकट. सुकी मात्र पावसाळाभर पोट भरायची. पाड्यातल्या बाईच्या हातात स्वतःचे म्हणून जे चार पैसे असायचे ते खळ्यावरचे. आणि हे खळं कोणाच्याच नावावर नव्हतं. कागदोपत्री ती पंचायतीची मोकळी जागा होती. पंचायतीने मनात आणलं तर उद्या तिथे काहीही होऊ शकलं असतं.

म्हणून मावशी पंचायतीत होती. त्या काळी बाई पंचायतीत असली तर ती बहुधा कोणाची तरी बायको म्हणून घेतलेली असायची, सही करून चहा पिऊन घरी जायची. मावशी निवडून आलेली होती. पाड्याचा स्वतःचा एक वॉर्ड होता आणि त्या वॉर्डाचा एक मेंबर. पुरुषांना सभेच्या वेळेला खाडीत जायचं असायचं, म्हणून तिला उभं केलं, आणि मग ती उठेचना. दरवर्षी कोणाला तरी ती मोकळी जागा दिसायची. कोणाला तिथे गोदाम हवं असायचं, कोणाला उत्सवाचा मंडप, कोणाला क्रिकेट. मावशी शेवटपर्यंत बसून राहायची आणि खळ्याचा विषय निघाला की म्हणायची, "खलं सोरून बोला." इतर बाबतींत ती कशालाही हात वर करायची. रस्ता, दिवा, गटार, तुमचं तुम्ही बघा. मेंबरांनाही तो सौदा परवडायचा.

वॉर्डाची किंमत मला वेगळी सांगायला नको होती. गावाकडे आमची वस्ती मधोमध चिरलेली होती. अर्धी घरं एका वॉर्डात, अर्धी दुसऱ्यात. दोन्हीकडे आम्ही थोडे, म्हणून माझ्या बापाच्या उभ्या हयातीत वस्तीचा एक माणूस पंचायतीत गेला नाही आणि वस्तीत हंडाभर पाण्याची सोय झाली नाही. मी हे एकदा मावशीला सांगितलं. ती सुकट निवडत होती. म्हणाली, "म्हंजे एक भाकरी मोरून दोगांच्या ताटात घातली, नि तुमी उपाशी." तेव्हापासून यादीचं काम आलं की ती माझ्याबरोबर पाड्यात फिरायची. बायका नवऱ्याचं नाव घ्यायला लाजायच्या, तोंडावर पदर धरून उभ्या राहायच्या. मावशी त्यांच्या वतीने नावं सांगायची, वर नवऱ्याची टोपणनावंही सांगायची. पाड्यातला एकही माणूस यादीबाहेर राहता कामा नये यावर तिचा कटाक्ष. मतदानाच्या दिवशी तर आजारी माणसालाही ती खुर्चीत बसवून शाळेत आणवायची.

मग शहर आलं. ते येताना वाजतगाजत आलं नाही. खडीचे ढीग आले, पाइप आले, मग चार मजली इमारतींच्या रांगा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्हालाही नेरूळच्या एका सेक्टरात सोडतीत घर लागलं. एक खोली, स्वयंपाकघर आणि गॅलरी. गॅलरीतून पाडा दिसायचा आणि वारा खाडीकडून असला की खळ्याचा वासही यायचा. मला त्या वासाने मावशीचा ओटा आठवायचा. सोसायटीतल्या बाकीच्यांना मात्र तो वास पहिल्या दिवसापासून नाकात गेला होता.

आता रेघ कशी सरकते ते सांगते, कारण हे मला स्वतःला कळायला बरीच वर्षं लागली. पंचायतीच्या जागा ठरलेल्या. त्या वॉर्डावॉर्डात वाटायच्या तर प्रत्येक जागेमागे साधारण सारखी माणसं हवीत. ही माणसं जनगणनेतून घ्यायची, असं कागदावर होतं. पण जनगणना दहा वर्षांतून एकदा, आणि इथे तर एका पावसाळ्यात खाचर होतं तिथे पुढच्या पावसाळ्यात वाळत घातलेले कपडे दिसत होते. तेव्हा तालुक्याच्या कचेरीत मतदारयादी उघडली जायची, नावं मोजली जायची आणि गावाच्या नकाशावर पेन्सिलीची रेघ जरा इकडे नाहीतर जरा तिकडे व्हायची. माणसं कुठे राहतात, कुठे श्वास घेतात, याच्याशी त्या रेघेचं फारसं देणंघेणं नव्हतं. नावं कुठे आहेत एवढंच तिला कळायचं.

सुरुवातीला सोसायटीवाल्यांची नावं इथे नव्हतीच. कोणाचं नाव गिरगावात, कोणाचं कोकणातल्या गावी, कोणाचं कोल्हापुराकडे. इथे फक्त झोपायला येणारी माणसं. मग रेशनकार्ड हवं झालं, गॅस हवा झाला, आणि प्रत्येक खिडकीवर इथल्या पत्त्याचा पुरावा मागायला लागले. आमचे सेक्रेटरी जिन्याजिन्यात सांगत फिरले, "यादीत नाव टाका हो, उगाच पुढे टेन्शन नको." नावं टाकली गेली. आमचीही पाड्यातून कमी होऊन इकडे आली. इमारतीमागून इमारत यादीत भरत गेली. तरी पाड्याचा वॉर्ड बसत होता. मावशीने माणूस न् माणूस धरून ठेवला होता, म्हणून बसत होता.

तो मोडला पाड्यानेच. त्याचं असं झालं.

गावच्या जमिनी महामंडळाने कधीच्या घेतल्या होत्या आणि मोबदला हातात पडून खर्चही झाला होता. मोर्चे निघाले, लाठ्या खाल्ल्या, आणि त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात थोडे भूखंड परत देणार अशी बोलणी सुरू झाली. कुठे देणार, कधी देणार, कोणाला देणार, कोणाला काही माहीत नव्हतं. पण सरकार सांगत नाही तेव्हा चहाची टपरी सांगते. टपरीने सांगितलं की मिठागराच्या बाजूचा तो मोकळा सेक्टर आपल्यालाच मिळणार, आणि ज्याची वस्ती आधी त्याचा हक्क आधी. झालं. पाड्यातल्या तरुण पोरांनी मावशीच्या दिराला पुढे घातलं आणि त्या उजाड माळावर बांबू, ताडपत्री आणि जुने पत्रे यांच्या झोपड्या उभ्या केल्या. राहायला कोणी जाईना, कारण तिथे पाणी नव्हतं आणि सावलीला झाड नव्हतं. जागा धरायची म्हणून धरलेली.

आणि त्याच मे महिन्यात यादीचं काम निघालं.

मी माळावर पोचले तेव्हा प्रत्येक झोपडीच्या दारात एकेक कुटुंब आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून बसलं होतं. फोटो काढायला बसावं तसं. पोरं खेळत होती. एका झोपडीत तर कॅलेंडरही लावलेलं. ही सगळी माणसं पाड्यातली. सकाळी यांच्याच दारांवरून मी आले होते आणि दारांना कड्या होत्या.

मावशीचा दीर पुढे आला. "बाय, आमची नावां हितं लिव. पत्ता या जागेचा टाक."

"तुम्ही इथे राहता?"

"बसलाव ना हितं. दिसतंय ना तुला?"

"एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी राहतं, दादा. इथे लिहिलं की पाड्यातलं कटणार."

"काट. पारा कुठं पलून चाललाय? सरकारी कागूद पायजे आमाला या जागेचा. उद्या कोन बोलला कवापासून रातात, तर यादी दाखवता येल."

मी त्यांना सांगितलं की यादीत नाव असलं म्हणजे जमीन आपली होत नाही. जमीन कोणाची होती ते सातबाऱ्यावरून ठरतं. मी उन्हात उभी राहून, घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. एका पोराने मला स्टूल आणून दिलं आणि पाणी दिलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग दीर म्हणाला, "बरा. आता लिव." तिथून मी तशीच वरच्या साहेबांकडे गेले, ते यादीच्या कामावर देखरेख करायचे. ते म्हणाले, माणूस समोर बसलाय, राहतो म्हणतोय, तुम्ही काय पोलीस आहात का बाई, लिहा. परत माळावर आले. ती माणसं अजून तशीच बसलेली होती. मी लिहिलं.

संध्याकाळी मावशीच्या ओट्यावर जाऊन तिला हे सगळं सांगितलं. तिला झोपड्यांचं माहीत होतं, नावांचं नव्हतं. ती स्वतः माळावर गेली नव्हती. तिचं म्हणणं, मी पाड्यातून हलले तर खळ्यावर कोण लक्ष ठेवणार. मी म्हटलं, "मावशी, अर्धा पाडा यादीतून गेला. आता वॉर्ड पडतील तेव्हा काय?"

"मानसा तर हितंच हाईत."

"माणसं इथे आहेत. नावं तिकडे गेली."

तिने दिराला हाक मारली आणि मग तोंडाचा पट्टा सोडला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलात, म्हणून सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असं बोलली. दीर खाली मान घालून उभा राहिला, पण नाव परत आणायला तयार झाला नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "वयनी, तुज्या मागं कोन हाय? मना तीन पोरं हाईत." मावशी उठून आत गेली. मी तिला असं मध्येच थांबताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

पंचायतीच्या निवडणुकीआधी वॉर्डांचा कच्चा नकाशा चावडीवर लागला. पाड्याचा वॉर्ड त्यात नव्हता. उरलेला पाडा आमच्या सेक्टराला जोडला होता. मोकळा माळ, म्हणजे त्या झोपड्या, पलीकडच्या वॉर्डात गेल्या होत्या. आमच्या वस्तीची चिरफाड निदान कोणी दुसऱ्याने केली होती. इथे पाड्याने स्वतः आपली माणसं नेऊन रेघेच्या पलीकडे बसवली होती, जमीन राखायची म्हणून. आणि रेघ बरोबर खळ्याच्या मागून गेली होती, खळं आमच्या बाजूला ठेवून. मला तो नकाशा बघून राग आला, पण तो नेमका कोणावर काढावा हे ठरेना. आपलेच दात, आपलेच ओठ.

आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी बातमी दिली. "आता तो सुकटीचा भाग आपल्याच वॉर्डात आलाय. आपला मेंबर बसवू. पहिला ठराव त्याचाच. मस्त गार्डन होईल मुलांना." लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाईट माणसं नव्हती ती. त्यांची मुलं जिन्यात क्रिकेट खेळत होती, त्यांना गार्डन हवं होतं. मी म्हटलं, त्या जागेवर बायकांची पोटं आहेत. एक बाई फार प्रेमाने म्हणाल्या, "अहो, पण त्यांना प्लॉट मिळणारच आहेत ना?" टपरीवरची बातमी तोवर आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचली होती.

हरकती घ्यायला मुदत होती. मावशीने हरकत घातली. अर्ज मी लिहिला, अंगठा तिने केला. सुनावणी तालुक्याला. एसटीने आम्ही दोघी गेलो. दीर आणि चार-पाच पोरं वेगळी आली आणि मागे भिंतीला टेकून उभी राहिली. यादी मी केलेली म्हणून मलाही बोलावणं होतं.

अधिकारी वयस्कर होते, चष्मा कपाळावर ढकलून बोलायचे. त्यांनी नकाशा पाहिला, यादी चाळली आणि मावशीला बसायला सांगितलं. तिथे अशा बायकांना कोणी बसायला सांगत नसे. मग म्हणाले, "आजी, तुमचा पाडा लहान झाला, मी काय करू? या माळावरच्या नावांनी घोळ केलाय. ती तुमचीच माणसं ना? ती तिथे खरोखर राहत नसतील तर तसं सांगा. मी नावं पाड्यात परत घ्यायला लावतो. वॉर्ड बसतो तुमचा."

इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. माझा जीव एकदम हलका झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही गेला होतात. राहतात का लोक तिथे?"

मी म्हटलं, "साहेब, चुली पेटलेल्या नव्हत्या. राखही नव्हती. पाण्याचं भांडं एका झोपडीत होतं, तेही त्या दिवशीचं." मागे भिंतीजवळ पोरांची चुळबुळ झाली. मी वळून पाहिलं नाही.

अधिकाऱ्यांनी मावशीला विचारलं, "बरोबर आहे?"

मावशी उठून उभी राहिली. पदर सारखा केला. तिला काय बोलायचं आहे ते तिने एसटीत मला घोकून दाखवलं होतं. खळ्याचं, बायकांचं, पावसाळ्याचं. ती त्यातलं काही बोलली नाही.

"रातात," ती म्हणाली. "आमचीच मानसा हाईत नि तितंच रातात. बाय सकालची आली, चुली सांच्याला पेटतात. तिला काय म्हाईत?"

अधिकाऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "नक्की?"

"रातात साहेब."

हरकत फेटाळली गेली.

एसटीत ती खिडकीशी बसली. मला तिचा राग आला होता, खरंच आला होता. सगळ्यांसमोर मला खोटं पाडलं म्हणून नाही. ज्या खळ्यासाठी तिने इतकी वर्षं त्या सभांमध्ये जांभया दिल्या, ते एका शब्दात वाचत होतं आणि तो शब्द तिने गिळला. ऐरोली मागे पडली. मग न राहवून म्हटलं, "त्या कागदाने जमीन मिळत नाही, मावशी. मी तुला सांगितलं होतं."

"मना म्हाईत हाय गो."

"मग?"

"मना म्हाईत हाय. त्यांना नाय म्हाईत." ती बाहेरच बघत होती. "रात नाय असा मी बोलले असते, तर उद्या तवऱ्या झोपऱ्या पारल्या असत्या. मग प्लाट मिलले नाय की सगला पारा काय बोलला असता? हिला पोरबाल नाय, हिनी खुर्चीपायी आमचे पोरांची जागा घालवली. मी जिती हाय तवर बोलले असते नि मेल्यावरबी. खल्यावर बसून मी कोनाचा तोंड बगनार होते?"

कंडक्टर आला, तिने मला तिकीट काढू दिलं नाही, माझंही तिनेच काढलं.

निवडणूक झाली. आमच्या सोसायट्यांचा मेंबर आला. मी मत मावशीलाच दिलं होतं. ती उभी राहिली होती, प्रचाराला मात्र कुठे गेली नाही. पाड्यातली उरलेली मतं तिला पडली असतील, आणि आमच्या बाजूची माझी नि नवऱ्याची. मेंबर शब्दाला जागणारा निघाला. खळ्याला आधी तारेचं कुंपण आलं, मग मातीचा भराव, मग दोन घसरगुंड्या. बायका काही दिवस रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर जवळा वाळवत होत्या. गाड्यांची धूळ बसायला लागली तशी गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. नंतर त्यांनी ओलं मिळेल त्या भावाने विकायला सुरुवात केली. काही जणी आमच्याच इमारतींत धुण्याभांड्याला लागल्या. त्यातल्या एका बाईला आमच्या मजल्यावर कामाला बघून मला घरात लपावंसं वाटलं.

माळावरच्या झोपड्या एका दुपारी महामंडळाच्या गाडीने साफ केल्या. कोणी यादी दाखवायला गेलं तेव्हा साहेबाने ती हातातही घेतली नाही म्हणे. भूखंडांची बोलणी पुढे पुढे जात राहिली. ज्यांच्या सातबाऱ्यावर नाव होतं त्यांचे अर्ज घेतले गेले. पाड्यातल्या बहुतेकांची रोजी खाडीवर होती, शेत असलं तर दुसऱ्याचं कसायला घेतलेलं. खाडीचा सातबारा कोणाकडे असतो? दीर दारूला लागला. मावशी त्याला शिव्या घालायची, आणि रात्रीचं जेवण झाकून ठेवायची.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं आणि पुन्हा मोठं काम निघालं. आमच्या इमारतींत कॉलेजची पोरं उत्साहाने नावं लिहून देत होती. प्रत्येक जिन्यात नवी नावं. रेघ आता आणखी सरकणार, हे मला लिहितालिहिता दिसत होतं, पण सांगायला कोणी उरलं नव्हतं. पुढे गावच्या पंचायती जाऊन महापालिका येणार अशीही बोलाचाली होती. माझे गुडघे दुखायला लागले होते. सगळ्यात शेवटी मी पाड्यात गेले.

मावशी ओट्यावरच होती. म्हातारी दिसत होती. जाळं नव्हतं हातात, काहीच नव्हतं. मी शेजारी टेकले, कागद काढला. घर क्रमांक लिहिला.

"वय किती लिहू?"

"लिव कायपन."

मग तिने विचारलं, "तू मेलेल्यांची नावां काटतीस ना?"

"हो."

"माजा काटून टाक."

"असं काय बोलतेस? जिवंत माणसाचं नाव काढता येत नाही, मावशी."

ती हसली. जुनं, पाडाभर ऐकू जाणारं हसू नव्हतं ते. "मानसाचा वारड काटता येतो, खलं काटता येता. नाव तवरा काटता येत नाय. कवरी कालजी गो सरकारला."

मी तिचं नाव लिहिलं. नवऱ्याचं नाव लिहिलं, वय अंदाजाने वाढवून लिहिलं. तिने अंगठा पुढे केला, मी म्हटलं अंगठा लागत नाही. तो तसाच थोडा वेळ हवेत राहिला, मग तिने तो पदराला पुसला. पिशवी खांद्याला लावून मी पुढच्या घराकडे गेले. त्या घराला कुलूप होतं.